ब्लाइंड घेताना कापडाची वही शेवटी उघडा

खिडकीसाठी ब्लाइंड बघायला गेलं की सगळ्यात आधी हातात पडते ती कापडाच्या नमुन्यांची जाडजूड वही. रंग आणि पोत निवडण्यात तासभर जातो. ब्लाइंड नेमका कुठे बसणार, कसा गुंडाळणार, साखळी कुठल्या बाजूला येणार, हे मात्र शेवटच्या पाच मिनिटांत उरकलं जातं. खरं तर उलटं हवं. खोलीत काळोख होईल का, दुपारचं ऊन अडेल का, समोरच्या घरातून आतलं दिसेल का, या तिन्ही प्रश्नांची उत्तरं कापडात कमी आणि कापडाच्या कडेला उरणाऱ्या फटीत जास्त असतात. म्हणून इथे प्रत्येक प्रकार दोन कसोट्यांवर पारखला आहे: तो कडेला किती फट ठेवतो, आणि रोजच्या ओढाताणीत त्याचा कोणता भाग आधी दगा देतो.

गाळ्याच्या आत की बाहेर?

भिंतीत खिडकीसाठी सोडलेल्या गाळ्याच्या आत ब्लाइंड बसवला की तो नेटका दिसतो आणि वरून कापडी पडदा लावायचा असेल तर भिंत मोकळी राहते. पण त्यापायी दोन्ही बाजूंना उजेडाच्या उभ्या रेघा कायमच्या येतात. रोलरचं, म्हणजे नळीवर गुंडाळल्या जाणाऱ्या कापडाच्या ब्लाइंडचं, उदाहरण घ्या. नळीच्या दोन्ही टोकांना ब्रॅकेट आणि साखळीची चकती मावायला जागा लागते, त्यामुळे कापड हे ब्लाइंडच्या एकूण रुंदीपेक्षा साधारण ३० ते ४० मिमी कमी असतं. गाळ्यात अडकू नये म्हणून केलेली ५ ते १० मिमीची वजावट त्यात मिळवा. म्हणजे प्रत्येक बाजूला साधारण पावणेदोन ते अडीच सेंटीमीटरची फट झाली, साखळीच्या बाजूला जरा जास्तच. बैठकीच्या खोलीत ती कुणाला खुपत नाही. रात्रपाळी करून दिवसा झोपणाऱ्या माणसाच्या खोलीत मात्र हीच फट ‘ब्लॅकआउट’ (पूर्ण काळोख) या शब्दाचं हसं करते.

काळोख हवा असेल तर ब्लाइंड गाळ्याबाहेर, भिंतीवर बसवा. दोन्ही बाजूंना ८ ते १० सेंमी आणि वर १० ते १५ सेंमी कापड भिंतीवर चढलं पाहिजे. खाली कट्टा पुढे आलेला नसेल तर तिकडेही ८-१० सेंमी. साधा ठोकताळा असा: कापड भिंतीपासून जितकं पुढे राहणार, त्याच्या दीडपट तरी ते बाजूला वाढलेलं असावं. रोलर भिंतीपासून ६ सेंमी पुढे असेल तर ५ सेंमीचा वाढावा अपुरा पडतो, कारण उजेड कडेवरून वळून भिंतीवर पसरतो आणि अख्ख्या खिडकीला झळाळती किनार दिसते. याहून गडद काळोख हवा असेल तर दोन्ही बाजूंना उभ्या पन्हळी, म्हणजे कापडाच्या कडा आत सरकतील असे साइड चॅनेल, लावावे लागतात. त्यांच्याशिवाय कुठलाही रोलर पूर्ण काळोख करत नाही, मग कापड कितीही भारी असो.

आत बसवायचा असेल तर आधी गाळा किती खोल आहे ते मोजा. त्यातही हँडल, कडी, जाळीचा सरकता पल्ला यांच्यापुढे किती जागा उरते ते महत्त्वाचं. रोलरच्या गुंडाळीचा घेर सहज काढता येतो. ३८ मिमीच्या नळीवर अर्धा मिमी जाडीचं २ मीटर कापड गुंडाळलं की व्यास ५२ मिमीच्या आसपास जातो. त्यात ब्रॅकेट आणि मागची मोकळी जागा धरली की ७ सेंमी लागतातच. ५० मिमी पट्टीच्या व्हेनेशियनलाही, म्हणजे आडव्या पट्ट्यांच्या ब्लाइंडलाही, साधारण तेवढीच जागा हवी. नाहीतर पट्ट्या फिरवताना मागची कड हँडलला आपटते.

मापाची गफलत

परत पाठवाव्या लागणाऱ्या ब्लाइंडमागे बहुतेक वेळा मापच असतं. मोजायला धातूची टेप वापरा, शिंप्याची नको. आकडे मिलिमीटरमध्येच लिहा. रुंदी तीन ठिकाणी मोजा: वर, मध्ये, खाली. गाळ्याच्या आत बसवायचा असेल तर तिन्हींतली सर्वांत लहान धरा. उंचीही डावीकडे, मध्ये आणि उजवीकडे घ्या. रोलरसाठी सर्वांत मोठी धरली तरी बिघडत नाही, जादा कापड नळीवरच राहतं. मग कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन्ही तिरकी मापं घ्या. त्यांत १० मिमीहून जास्त फरक निघाला तर गाळा काटकोनात नाही. तिथे आत बसवलेल्या ब्लाइंडच्या एका बाजूला वर अरुंद आणि खाली रुंद अशी पाचर दिसणार, आणि ती कुठल्याही स्क्रूने सुटणार नाही.

कारागिराला आकडे देताना दोन गोष्टी शब्दांत लिहून द्या. पहिली, ‘रुंदी × उंची’ असा क्रम. १२०० × १५०० आणि १५०० × १२०० यांची अदलाबदल होते, आणि कापड एकदा कापलं की कापलं. दुसरी, हे ‘गाळ्याचं माप’ आहे की ‘तयार ब्लाइंडचं माप’. गाळ्याचं म्हटलं तर वजावट करणारा तो. तयार म्हटलं तर ती तुम्ही आधीच केलेली असते. हे स्पष्ट नसलं तर वजावट दोनदा होते आणि फट वाढते, किंवा एकदाही होत नाही आणि ब्लाइंड गाळ्यात शिरतच नाही. आणि हो, गिलावा, फरशी, खिडकीच्या कडेची दगडी पट्टी हे सगळं पूर्ण होईपर्यंत माप घेऊ नका. दोन्ही बाजूंना १० मिमीची फरशी चढली की २० मिमी गेले.

रोलर: साधा, म्हणून टिकाऊ

घरासाठी एकच प्रकार सुचवायचा तर रोलर. भाग कमी, धूळ धरायला आडव्या जागा नाहीत, आणि बिघडला तरी चकती किंवा साखळी बदलून भागतं. कापडं तीन जातींची: छिद्रांचं स्क्रीन, उजेड गाळून देणारं अर्धपारदर्शक, आणि ब्लॅकआउट.

स्क्रीनवर टक्क्यांचा आकडा लिहिलेला असतो. कापडाचा किती भाग उघडा, म्हणजे छिद्रांचा आहे, ते तो सांगतो. १ टक्का पश्चिमेच्या खिडकीला आणि संगणकाच्या टेबलाजवळ ठीक. ३ टक्के बहुतेक खोल्यांना चालतं. थेट ऊन येत नाही आणि बाहेरचं दृश्य हवं आहे तिथे ५ टक्के. १० टक्के म्हणजे नुसती सावली. रंगाचं गणित इथे उलटं आहे, त्यामुळे लोक फसतात. गडद स्क्रीनमधून बाहेरचं स्वच्छ दिसतं आणि डोळ्यांना झळ कमी लागते. फिक्या स्क्रीनचे धागे उन्हात स्वतःच उजळतात आणि समोर धुकं पसरल्यासारखं होतं. उष्णता परतवण्यात मात्र फिका रंग सरस. दोन्ही हवं असेल तर काचेकडे पांढरं किंवा चंदेरी आणि आत गडद असं दुहेरी कापड मागा.

स्क्रीनच्या बाबतीत एक गोष्ट विकताना क्वचितच सांगितली जाते. त्याचा आडोसा फक्त दिवसाचा. नजर नेहमी अंधाऱ्या बाजूकडून उजळ बाजूकडे पोचते. दिवसा बाहेर उजेड असतो म्हणून आतून बाहेरचं दिसतं. रात्री दिवे लागले की खेळ उलटतो आणि आतली माणसं रस्त्यावरून आकारासकट दिसू लागतात. झोपायच्या खोलीत नुसतं स्क्रीन लावणं चूक आहे. तिथे एकाच ब्रॅकेटवर दोन नळ्या घ्याव्यात, पुढे ब्लॅकआउट आणि मागे स्क्रीन. फक्त त्यासाठी १२ सेंमीच्या आसपास खोल जागा लागते.

ब्लॅकआउटचा नमुना हातात घेतलात तर त्याला मागून मोबाइलची टॉर्च अगदी चिकटवून धरा. बारीक ठिपके चमकले तर लेप पातळ आहे. मग नमुन्याला घडी घालून नखाने दाबा, उलगडा आणि पुन्हा टॉर्च लावा. घडीवर उजेडाची रेघ उमटली तर तो लेप नळीवर रोज गुंडाळला जाऊन तडकणार. ही परीक्षा अर्ध्या मिनिटाची आहे आणि वहीतल्या कुठल्याही छापील दाव्याहून विश्वासाची.

नळीच्या जाडीकडे कुणी बघत नाही, आणि रुंद ब्लाइंडचं वाटोळं तिथेच होतं. दीड मीटरच्या पुढे बारीक नळी मध्यभागी वाकते. डोळ्यांना ती वाकलेली दिसत नाही, पण कापडावर मधोमध इंग्रजी ‘व्ही’सारख्या तिरक्या सुरकुत्या पडतात. कापड हलकं म्हणून असं होतं असं सांगितलं जाईल. कारण नळी हेच असतं. दोन मीटरला ३८ मिमीपेक्षा जाड नळी मागा, त्याहून रुंद खिडकी असेल तर ती दोन ब्लाइंडमध्ये तोडा. दोन ब्लाइंडमधली फट खिडकीच्या उभ्या चौकटीसमोर येईल अशी मांडली की खुपत नाही.

कापड गुंडाळताना एका बाजूला सरकत जाऊन कड ब्रॅकेटला घासू लागली तर आधी नळीची समपातळी स्पिरिट लेव्हलने तपासा. दोन्ही ब्रॅकेटमध्ये २-३ मिमीचा फरकही दोन मीटर उंचीच्या गुंडाळीत पुरेसा दिसतो. ब्रॅकेट वरच्या पृष्ठभागाला लावलेलं असेल तर उंच बाजूच्या ब्रॅकेटवर पातळ पत्रा सरकवून तो काढता येतो. पातळी बरोबर असूनही कापड सरकत असेल तर ब्लाइंड पूर्ण खाली सोडा आणि नळीवर, कापड ज्या बाजूला पळतं त्याच्या विरुद्ध टोकाला, चिकटपट्टीचा एक छोटा तुकडा लावा. एका तुकड्याने नाही भागलं तर दुसरा. कडेचे धागे निघाले तर ओढू नका, कात्रीने कापा.

ब्लाइंड सोडल्यावर आपोआप खाली घसरत असेल तर साखळीची चकती, जिला कारागीर क्लच म्हणतात, कापडाच्या वजनाला कमी पडते आहे किंवा झिजली आहे. ती घट्ट करायला स्क्रू नसतो; ती बदलायची असते. प्लॅस्टिकच्या मण्यांपेक्षा स्टीलची साखळी जास्त टिकते.

गुंडाळीची दिशाही सांगून ठेवा. नेहमीच्या पद्धतीत कापड नळीच्या मागून, काचेजवळून उतरतं. फट कमी राहते, पण वरची गुंडाळी समोर दिसते. उलट्या पद्धतीत ते नळीच्या पुढून उतरतं, हँडल चुकवतं आणि नळी झाकतं. मात्र काचेपासून आणखी ५ सेंमी दूर जातं, म्हणजे बाजूची फट तेवढी रुंद भासते.

झेब्रा: देखणा, पण कशासाठी ते ठरवा

एक पट्टा जाळीचा, एक भरीव, असं दुहेरी कापड पुढे-मागे सरकतं. भरीव पट्टे एकमेकांसमोर आले की उजेड येतो, एकाआड एक आले की बंद. बैठकीच्या खोलीत झेब्रा खरंच सुरेख दिसतो. पण ‘बंद’ झेब्रा हा ब्लॅकआउट नाही. भरीव पट्टे जाळीच्या पट्ट्यांवर जेमतेम काही मिलिमीटर चढतात आणि पुढचं-मागचं कापड खाली लटकणाऱ्या दांडीच्या जाडीइतकं एकमेकांपासून लांब असतं. समोरून बघितलं तर बंद, खालून किंवा वरून तिरकं बघितलं तर आडव्या उजळ रेघा. झोपायच्या खोलीसाठी ‘ब्लॅकआउट झेब्रा’ घेणाऱ्यांची निराशा इथेच होते: पट्ट्यांचं कापड काळोख करतं, पट्ट्यांमधल्या फटी करत नाहीत.

झेब्राची आणखी एक खोड ऑर्डर देताना माहीत हवी. कापड वळशातून जातं, म्हणून पुढचं कापड ७५ मिमी सरकलं की खालची दांडी त्याच्या निम्मी, सुमारे ३७ मिमी, वर-खाली होते. थोडक्यात, उघड्या आणि बंद स्थितीत दांडी एकाच उंचीवर नसते. ‘बंद’ असताना दांडी कट्ट्याला टेकेल अशी उंची करून घ्या. उलटं झालं तर रात्री नेमकी बंद स्थितीत खाली दोन बोटं फट राहते. आणि अर्ध्यावर थांबवायची सवय असेल तर हव्या त्या उंचीवर हवी ती स्थिती मिळेलच असं नाही. ३-४ सेंमी इकडेतिकडे करावं लागतं. गुंडाळी दुप्पट कापडाची असल्यामुळे वरची पेटी मोठी आणि क्लचवर भारही जास्त. धुणं जवळपास अशक्य. ब्रशने झटकणं एवढंच.

व्हेनेशियन: पट्टी कुठे झुकवायची

उजेडाची दिशा वळवायची सोय आडव्या पट्ट्यांच्या ब्लाइंडइतकी दुसऱ्या कशात नाही, पण बहुतेक घरांत ते चुकीच्या बाजूला बंद केलेले असतात. पट्ट्यांची बाहेरची कड खाली आणि आतली कड वर ठेवली की वरून येणारं ऊन आणि वरच्या मजल्यावरच्या नजरा दोन्ही अडतात. रस्त्यावरून कुणी बघितलंच तर त्याला फार तर छत दिसेल. बाहेरची कड वर ठेवली तर आकाशाचा उजेड जमिनीवर उतरतो, आणि समोरच्या उंच इमारतीतल्या माणसाला तुमची जमीनही दिसते.

फट मात्र जास्त. प्रत्येक पट्टीत दोरी जायला भोक असतं आणि बंद केल्यावरही त्या भोकातून ठिपके दिसतात. मागच्या कडेला खाच ठेवून दोरी तिथून नेणारी रचना मिळाली तर ती घ्या. पट्ट्या धरणाऱ्या शिडीच्या दोऱ्यांमधलं अंतर ५०-६० सेंमीहून जास्त असेल तर पट्टी मध्ये झोल खाते.

पट्ट्यांची थप्पी किती जागा खाते तेही बघा. ५० मिमी पट्टी सुमारे ४३ मिमी अंतरावर येते. दीड मीटर उंचीला अशा ३५ पट्ट्या. प्रत्येकी ३ मिमी धरली तरी १० सेंमीची थप्पी, वरची पेटी आणि खालचा दांडा मिळून १७-१८ सेंमी. गाळ्याच्या आत ब्लाइंड असेल तर ती जागा काचेची जाते. आत उघडणाऱ्या झडपांना तर तो आडच येतो. २५ मिमी ॲल्युमिनियम पट्टीची थप्पी बरीच लहान, पण ती पट्टी एकदा दुमडली की दुमड कायमची राहते.

खरं लाकूड हलकं आणि सुंदर. ओलसर जागेत वाकतं. लाकडासारखी दिसणारी पीव्हीसी पट्टी पाण्याला घाबरत नाही, म्हणून न्हाणीघर आणि सिंकवरच्या खिडकीला ती चालते. मात्र जड असते आणि बंद काचेमागच्या कडक उन्हात मऊ पडून झोल खाऊ शकते. स्वयंपाकघरात ॲल्युमिनियमला तोड नाही. फोडणीची वाफ आणि तेलकट धूळ बसली तरी ती साबणाच्या पाण्याने निघते. कापडी ब्लाइंडवरचा तेलकट थर असा निघत नाही.

उष्णतेचं काय?

काचेतून आत आलेलं ऊन ब्लाइंडवर पडून एकदा उष्णता झालं की परत बाहेर जात नाही. दिसणारा प्रकाश काच जाऊ देते, पण तापलेल्या कापडाची उष्णता तिच्यातून तशी जात नाही. म्हणून ऊन अडवायला काचेबाहेरचा आडोसा, मग तो छत असो, बाहेरचा स्क्रीन असो की शटर, आतल्या कुठल्याही ब्लाइंडला मागे टाकतो. आतलाच पर्याय असेल तर कापडाची काचेकडची बाजू जितकी पांढरी तितकं जास्त ऊन प्रकाशाच्याच रूपात परत जातं. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या माहितीनुसार उन्हाच्या खिडकीवर पूर्ण बंद केलेले, चांगले परावर्तक आडव्या पट्ट्यांचे ब्लाइंड उष्णतेची आवक सुमारे ४५ टक्क्यांनी कमी करू शकतात.

मधमाशांच्या पोळ्यासारख्या कप्प्यांचं हनीकोम कापड यात सर्वांत पुढे. कप्प्यांत अडकलेली हवाच उष्णता रोखते. त्याच खात्याच्या आकड्यांप्रमाणे घट्ट बसवलेला हनीकोम थंडीत खिडकीवाटे जाणारी उष्णता ४० टक्के किंवा जास्त अडवतो, आणि उन्हाळ्यात उन्हाची नको असलेली उष्णताही बरीच कमी करतो. यातला ‘घट्ट बसवलेला’ हा शब्द कुणी वाचत नाही. दोन सेंटीमीटरच्या फटी ठेवून लावलेल्या हनीकोममागे हवा वरून खाली फिरत राहते आणि आकडा घसरतो. साइड चॅनेल नसतील तर दुहेरी कप्प्यांचं कापड घेऊन फार काही साधत नाही. आधी कडा बंद करा, मग कप्पे मोजा. कप्प्यांत किडे शिरून मरतात आणि उजेडात त्यांचे काळे ठिपके दिसतात, हा त्याचा खरा दोष. केस वाळवायच्या यंत्राची थंड हवा एका टोकाने सोडली की बरेच बाहेर पडतात.

गडद ब्लाइंड काचेला अगदी चिकटवू नका. मधली हवा कोंडून काच असमान तापते. तारेची किंवा रंगीत काच अशाने तडकू शकते. ५ सेंमीच्या आसपास अंतर आणि वर-खाली हवा जायला वाट असावी. उष्णता अडवायला कडा बंद करायच्या आणि काच वाचवायला हवा खेळती ठेवायची, हे दोन्ही एकमेकांविरुद्ध आहे हे खरं. साध्या पारदर्शक काचेला कडा बंद करा. तारेच्या किंवा रंगीत काचेला फिका रंग आणि अंतर निवडा.

बाकीचे थोडक्यात

व्हर्टिकल, म्हणजे उभ्या पट्ट्यांचे, ब्लाइंड रुंद सरकत्या दारांना योग्य, कारण बाजूला सरकतात आणि रुंदीच्या भानगडीत नळी वाकत नाही. वाऱ्यात पट्ट्या खडखडतात. खालची बारीक साखळी तुटते, आणि पट्टी लटकवणाऱ्या प्लॅस्टिकच्या आकड्याची मान मोडते. दोन्हीचे सुटे भाग आधीच जादा घेऊन ठेवा. रोमन ब्लाइंड कापडाच्या घड्यांमुळे उबदार दिसतो, पण वर घेतल्यावर २०-३० सेंमीची थप्पी काचेवर राहते आणि मागच्या दोऱ्या लहान मुलांच्या घरात धोक्याच्या. बांबूची चिक बाल्कनीला छान. रात्री ती आडोसा देत नाही, आणि पावसाची झड लागली की बुरशी धरते. चिकेला मागे अस्तर लावलं तर दोन्ही तक्रारी कमी होतात, सावलीतली मजाही जाते.

साखळी, मोटर आणि लहान मुलं

घरात लहान मूल असेल तर हा मुद्दा कापडाच्या आधी येतो. लोंबती दोरी किंवा साखळीचं कडं मानेभोवती अडकून मुलं गुदमरली आहेत. ब्लाइंडसाठीच्या युरोपीय मानकात, ईएन १३१२० मध्ये, अशा कड्यांसाठी ताणून धरणारी सुरक्षा क्लिप आणि कडं जमिनीपासून किमान १.५ मीटर वर राहण्याची मर्यादा आहे. क्लिप पिशवीतून आली म्हणून भागत नाही. ती भिंतीला स्क्रूने बसवून साखळी तिच्यात ताणलेली हवी. कारागीर घाईत ती कट्ट्यावर ठेवून जातात, तेवढं लक्ष ठेवा. खिडकीखाली पलंग किंवा खुर्ची असेल तर जमिनीपासूनची उंची मोजून उपयोग नाही. दोरी नसलेला स्प्रिंगचा ब्लाइंड किंवा मोटर हाच निर्धोक पर्याय.

मोटर निवडताना न्यूटन-मीटरमधला, म्हणजे फिरवण्याच्या जोराचा, आकडा बघा. दोन मीटर बाय दोन मीटर कापड, दर चौरस मीटरला ४०० ग्रॅम, म्हणजे १.६ किलो, खालची दांडी ६०० ग्रॅम. ४५ मिमी नळीची त्रिज्या २२.५ मिमी. यावरून लागणारं बळ ०.५ न्यूटन-मीटरच्या आसपास निघतं. घर्षण आणि जुनेपणा धरून दुप्पट, म्हणजे १ न्यूटन-मीटरची मोटर पुरे. त्याहून मोठी घेतली तर पैसे जातात आणि बरेचदा आवाजही वाढतो. बॅटरीची मोटर असेल तर चार्जिंगचं छिद्र शिडी न लावता गाठता येईल अशा बाजूला घ्या. कडक उन्हात तापणाऱ्या काचेमागे बॅटरी लवकर म्हातारी होते. घराचं काम चालू असेल तर वायर ओढून ठेवणं केव्हाही बरं.

बसवताना

खिडकीवरची तुळई बहुधा काँक्रीटची असते. तिथे हॅमर ड्रिल, ६ मिमीचं बिट आणि ३५-४० मिमी खोल भोक. त्यात प्लॅस्टिकची गिट्टी पूर्ण आत बसली पाहिजे. भोकातली भुकटी झटकली नाही तर गिट्टी अर्ध्यावर अडते आणि स्क्रू नुसता फिरतो. जिप्समच्या पोकळ छताला साधी गिट्टी चालत नाही. मागे लाकडी पट्टी हवी किंवा पोकळीत उघडणारे खास स्क्रू. खिडकीच्या यूपीव्हीसी, म्हणजे कडक प्लॅस्टिकच्या, चौकटीत भोक पाडण्याआधी खिडकीची हमी वाचा.

ब्रॅकेट लावल्यावर, ब्लाइंड चढवण्याआधी, दोन्हींवर लेव्हल ठेवून बघा. कट्टा किंवा छत समपातळीत असेल असं धरून चालू नका. ब्लाइंड चढला की तो तीन वेळा पूर्ण वर-खाली करून घ्या. दांडी कट्ट्याला समांतर राहते का, कड ब्रॅकेटला घासते का, क्लच कुठल्याही उंचीवर धरून ठेवतो का, हे कारागीर शिडीवर असतानाच कळलं पाहिजे. मग दिवे बंद करून फटी बघा. आतल्या ब्लाइंडला दोन-अडीच सेंटीमीटर चालेल, तीन सेंटीमीटर म्हणजे बहुधा वजावट दोनदा झाली.

कापलेल्या कापडाचा तुकडा मागून घ्या. डाग कशाने निघतो ते आधी त्याच्यावर आजमावता येतं. व्हेनेशियनच्या उरलेल्या दोन पट्ट्या आणि व्हर्टिकलची पट्टी लटकवायचे चार आकडेही ठेवून घ्या. वरच्या पेटीच्या आत चिकटवलेल्या चिठ्ठीवर ऑर्डरचा क्रमांक, कापडाचा क्रमांक आणि कापलेलं माप असतं. ती पुसून जाण्याआधी तिचा फोटो काढून ठेवा.